सहवासाचा आकडा

मस्कतचा व्हिसा यायला मला चौदा महिने लागले होते. एकोणीसशे एकोणनव्वद साल. माझे यजमान भूपाल तिकडे क्रेन दुरुस्तीच्या कामावर होते आणि मी जयसिंगपुरात सासूबाईंच्या हाताखाली. पत्र तीन आठवड्यांनी यायचं. कुणी गावी येणारा भेटला तर ते त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचे. ती घरातले सगळे मिळून ऐकायचे, त्यामुळे तिच्यात माझ्यासाठी "सुनंदा बरी आहे ना" याच्यापलीकडे काही नसायचं. कागदांवर शिक्का मारून घ्यायला सासऱ्यांबरोबर मुंबईच्या कचेरीत गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसानं लग्नाचा फोटो उचलला. फोटोत माझे डोळे रडून सुजलेले. त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "आता तरी रडू नका बाई," म्हणाला आणि शिक्का मारला. आम्ही नवरा-बायको आहोत याचा पुरावा तेवढाच लागला.

माझी नातसून संयुक्ता हे ऐकून हसून लोटपोट झाली होती. म्हणाली, "आजी, मलापण असलाच माणूस मिळू दे खिडकीत."

पण तिच्या वाट्याला खिडकीच आली नाही.

माझा नातू सम्यक उत्तरेकडच्या एका देशात शीतगृहांचा इंजिनियर आहे. देशाचं नाव लिहीत नाही, कारण आता पाच-सहा देशांनी तोच नियम केला आहे. पूर्वी तिथं बायकोला न्यायचं तर लग्नाचा दाखला, फोटो, एकमेकांना लिहिलेले निरोप, असलं सगळं द्यावं लागे. मग यंत्रं इतकी हुशार झाली की कधीही न भेटलेल्या दोन माणसांचे दहा वर्षांचे फोटो पाच मिनिटांत तयार होऊ लागले. सहलीचे, वाढदिवसाचे, भांडून रुसल्याचेसुद्धा. खोटी लग्नं ढिगानं पकडली गेली, आणि मग त्या लोकांनी कागदावरचा विश्वासच काढून घेतला. म्हणाले, आता साक्ष शरीराची.

ही साक्ष म्हणजे काय ते मला संयुक्तानं समजावलं. ती सांगलीला दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करायची. सम्यकचे आईवडील पुण्यात आपापल्या नोकऱ्यांत, म्हणून लग्नानंतर ती माझ्याजवळ राहिली आणि रोज सांगलीला जा-ये करू लागली.

"आजी, तुमच्या दह्याची चव शेजारच्या चौगुले काकूंच्या दह्याला येते का?"

"कशी येईल? माझं विरजण माझ्या सासूचं आहे."

"बास, तेच. विरजणात जिवाणू असतात. माणसाच्या तोंडात, कातडीवर, आतड्यातही असतात, लाखो-करोडो. प्रत्येकाचा हा गोतावळा वेगळा. पण दोन माणसं एकत्र राहिली, एका हवेत झोपली, एका भांड्यातलं जेवली, की त्यांची देवाणघेवाण होते. नुसती जात सारखी असून भागत नाही बरं का. एका जातीतही वंश असतात. कुठला वंश कुणाकडून कुणाकडं गेला, हे आता जनुकं वाचून सांगता येतं. जसं मी दही बघून सांगीन, विरजण आपल्या मगदूमांच्या घरचं आहे म्हणून."

"आणि प्रेमबिम?"

"ते नाही दिसत त्यात," ती म्हणाली. "सहवास दिसतो. शंभरपैकी आकडा देतात. चाळीस पाहिजेत."

लग्न होऊन सम्यक सहा आठवड्यांनी परत गेला होता. त्याला दीड वर्ष झालं होतं. वर्षभर लांब राहिलं की गोतावळा जवळजवळ पुसला जातो. म्हणजे जवळ राहिल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसाशिवाय जवळ राहता येत नाही. मी म्हटलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? संयुक्ता म्हणाली, त्यांच्या मते नवऱ्यानं यावं की बायकोकडं, कुणी अडवलंय?

अडवलं होतं ते दुसऱ्या नियमानं. कायमचा रहिवास मिळवायचा तर सम्यकला पाच वर्षांत ठरावीक दिवस त्या देशाच्या भूमीवर काढायचे होते. विमान सुटलं की मोजणी थांबे. बाहेर राहण्याचे त्याचे एकशे अकरा दिवस उरले होते. एकशे बारावा दिवस उजाडला की मागचं सगळं शून्य, पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षं. त्यातले नव्वद दिवस त्यानं एकदम घ्यायचे ठरवले.

पुण्याच्या गुर्जर मॅडम त्यांच्या सल्लागार. त्यांनी पडद्यावरून एक यादीच वाचून दाखवली. एका ताटात जेवा. उशा रोज बदला. टॉवेल एकच ठेवा. प्रतिजैविकं घेऊ नका, तोंड धुवायचं औषध वापरू नका. आजारी पडलात तर आधी मला कळवा. नव्वदाव्या दिवसाच्या आसपास पुण्याच्या केंद्रात दोघांचे नमुने एकाच दिवशी घेतील, तारीख तेच देतील, बदलून मिळणार नाही.

ज्येष्ठ संपता संपता सम्यक आला. पहिल्या दिवशी दोघं एका ताटात जेवायला बसली आणि मला कुठं बघू कळेना. आमच्या वेळी नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच ताटात बसायचं, पण ते त्यानं उठल्यावर.

"आजी, लाजतीस काय? सरकारी काम आहे हे," सम्यक म्हणाला.

"भाजी सगळी तुझ्याकडंच ओढतोस हे सरकारला कळतं का रे?" संयुक्ता.

"कळतं ना. ऐंशी टक्के भाजी पतीकडं, असं येतं अहवालात."

हसत होती दोघं. मला वाटलं, यंत्रानं काय वाईट केलं? मी मस्कतला पोचल्यावर भूपाल आणि मी महिनाभर एकमेकांशी धड बोललो नव्हतो, इतका परकेपणा आला होता. यांना निदान जवळ बसायला कारण तरी मिळालं. संयुक्तानं तिच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत सत्तराव्या दिवशी गुपचूप एक ढोबळ तपासणी करून घेतली. आकडा आला शेहेचाळीस. त्या दिवशी सम्यकनं तिला उचलून अंगणात गोल फिरवलं आणि चौगुले काकू गच्चीवरून म्हणाल्या, "पाडशील रे तिला!"

आता जे लिहायचं ते माझं आहे.

भाद्रपद लागला. आमच्यात पर्युषण मोठं. दहा दिवस लोक नियम धरतात. कुणी एकवेळ जेवतं, कुणी मीठ सोडतं, आणि ज्याच्यात ताकद आहे तो दहाच्या दहा उपवास करतो. दहा दिवस अन्नाचा कण नाही, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बस्स. मस्कतच्या वर्षी मी दहा उपवास केले होते. अनंत चतुर्दशी झाली, पारणं झालं, आणि बाराव्या दिवशी तार आली होती की व्हिसा झाला. सत्तावन्न वर्षं मी हे मनात धरून आहे. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंतांसमोर बसले असताना संयुक्ता शेजारी होती. मी तिला म्हटलं, "संयू, दहा करतीस का? माझं ऐक. फळ मिळतं."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "करते आजी."

सम्यक तर चाटच पडला. "दहा? आजी, हिला अकरा वाजता डबा मिळाला नाही तर ही माणसं खाते!"

"तूच खाल्ला जाशील, गप बस," ती म्हणाली.

गुर्जर मॅडमना कळवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांनी आजारपण कळवायला सांगितलं होतं. उपवास म्हणजे काय आजारपण आहे?

व्रतात नवरा-बायकोनं वेगळं झोपायचं असतं. हा नियम मीच काढला आणि मीच पाळायला लावला. सम्यक बाहेरच्या खोलीत, संयुक्ता माझ्या खोलीत, माझ्या चटईला लागून. पाचव्या दिवसापासून तिला उठवेना. मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायचे, तळवे चोळायचे, डोकं मांडीवर घेऊन णमोकार मंत्र म्हणायचे. माझी स्वतःची लेकसुद्धा माझ्या मांडीवर इतकी कधी निजली नसेल. अकराव्या दिवशी, पारण्याला, तिला फेटा बांधून गाडीतून बस्तीत नेलं, ढोलताशा, सगळं गाव दर्शनाला. सम्यकनं पहिला मुगाच्या पाण्याचा चमचा तिच्या तोंडात घातला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी मनात म्हटलं, झालं काम.

पारण्यानंतर तिसऱ्या दिवशी पुण्याला नमुने दिले. पाचव्या दिवशी सम्यकचं विमान.

अहवाल दीड महिन्यानं आला. दुपारची वेळ होती, मी गवार निवडत होते. संयुक्तानं तो मोबाइलवर उघडला, वाचला, आणि मोबाइल माझ्यासमोर ताटलीत ठेवला.

"वाच की तूच. मला चष्मा नाही."

तिनं वाचलं. अर्जदार आणि प्रायोजक यांच्यातला सहवास, तेहेतीस. आवश्यक, चाळीस. अर्ज नामंजूर. मग थांबली.

"अजून काय?"

"अर्जदाराचा सर्वाधिक सहवास नोंद नसलेल्या तिसऱ्या व्यक्तीशी. अठ्ठावन्न." तिचा आवाज अगदी सपाट होता. "कातडीवर सापडलेल्या पेशींवरून, ती व्यक्ती स्त्री, वय सत्तरच्या पुढं."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा गवारीची शेंग हातातच राहिली.

त्यांचं म्हणणं शास्त्राप्रमाणे बरोबरच होतं. दहा दिवस पोटात अन्न नाही, तर आतड्यातला गोतावळा उपाशी मरतो. सम्यककडून सत्तर-ऐंशी दिवसांत जे नवीन आलेलं, अजून नीट रुजलेलं नव्हतं, ते आधी गेलं. रिकाम्या झालेल्या जागेत जो जवळ होता त्याचं येऊन बसलं. जवळ मी होते.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "तू प्रयोगशाळेत काम करतीस. तुला ठाऊक असणार."

तिनं ताटलीतला मोबाइल उचलून पालथा ठेवला.

"तीन-चार गुण कमी होतील असं वाटलं होतं. सहा हातात होते. म्हटलं, दोन्हीकडून करून बघू. यंत्राचंही आणि देवाचंही." मग म्हणाली, "आणि तुम्ही इतक्या आशेनं विचारलंत आजी. नाही म्हणवेना."

मी सम्यकला पडद्यावर सांगितलं की चूक माझी आहे. तो म्हणाला, "असू दे आजी, तुला काय माहीत." पण बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता, बाजूला कुठंतरी बघत होता. लहानपणी मी त्याचा पतंग चुकून चुलीत घातला होता, तेव्हाही असंच म्हणाला होता.

दुसरा अर्ज दीड वर्षानंतर करता येत होता. गुर्जर मॅडम म्हणाल्या, आता नाव लागलंय ते तिसऱ्या व्यक्तीचं. तो आकडा खाली आणायचा तर अर्जदारानं निदान वर्षभर त्या व्यक्तीपासून लांब राहावं. स्वयंपाक, कपडे, खोली, काहीही सामाईक नको. त्या माझ्यासमोरच हे बोलत होत्या. ती व्यक्ती म्हणजे मी, हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे.

संयुक्तानं सांगलीत एक खोली घेतली. रविवारी यायची. व्हरांड्याच्या जाळीबाहेर खुर्ची टाकून बसायची, तोंडाला मास्क. मी आत. सुरुवातीला आम्ही त्याचीही चेष्टा केली. मी म्हणायचे, "तुरुंगात भेटायला आल्यासारखी आलीस की." ती म्हणायची, "आत कोण आहे ते सांगा आधी." मग हळूहळू बोलायचं कमी झालं. एकदा मी शेंगदाण्याची पोळी डब्यात भरून जाळीच्या फटीतून दिली. तिनं घेतली. पुढच्या रविवारी डबा धुऊन आणला तेव्हा मी विचारलं, पोळी कशी झाली होती? ती म्हणाली, "छान." मग तिला खोटं बोलवेना. "वॉचमनला दिली आजी. त्याला आवडली."

दीड वर्षानं सम्यक आला. त्याच्याजवळ एकशे अकरांतले एकवीस दिवस उरले होते. तो माझ्याकडं उतरला नाही, उतरणं बरोबरही नव्हतं. विमानतळावरून थेट सांगलीच्या खोलीवर. मी एकदा रिक्षा करून त्या गल्लीत गेले आणि खालूनच बघितलं. दोघं गॅलरीत बसली होती, एका ताटात जेवत होती. माझी खात्री आहे, सम्यकनं मला बघितलं. त्यानं हात केला नाही. मीही रिक्षातून उतरले नाही. वर जाऊन एक मिनिट उभी राहिले असते तरी अहवालात पुन्हा माझा आकडा उमटेल, अशी धास्ती होती.

तो गेल्यावर संयुक्ता आली, जाळीबाहेर बसली.

"कसे गेले दिवस?" मी विचारलं.

"वेळापत्रक होतं," ती म्हणाली. "सकाळी सातला उशा बदलायच्या. आठला एका कपात चहा. रात्री तो इकडं तोंड करून झोपायचा, कारण श्वासाचं मोजतात. एकदा त्याला खोकला आला तर मी म्हटलं, माझ्याकडं खोक. दोघंही हसलो नाही. पहिल्या वेळी हसलो असतो ना, आजी?"

"हो."

"आम्ही नुसते एकमेकांना वापरत होतो. तो गेला तेव्हा मला हलकं वाटलं. हे मी कुणाला सांगू?"

तिनं मलाच सांगितलं होतं. जाळीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवावा असं वाटलं. नमुने देऊन झाले होते, आता ठेवला असता तरी काही बिघडलं नसतं. पण दीड वर्षात हाताची ती सवयच मोडली होती. नाही ठेवला.

दुसरा अहवाल आला. पती-पत्नीचा सहवास, चोवीस. सर्वाधिक सहवास असलेली व्यक्ती, आढळली नाही. दीड वर्ष एकटी शिजवून, एकटी जेवून, एकटी निजून ती अशी झाली होती की तिच्या अंगावर कुणाचीच खूण उरली नव्हती. दोनदा नापास झालेल्या जोडप्याला पाच वर्षं अर्ज करता येत नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं.

सम्यकनं एकदा म्हटलं, मी सगळं सोडून परत येतो. पडद्यावर आम्ही तिघं होतो. त्याच्या मोजणीतले चौदा महिने राहिले होते.

"नको," संयुक्ता म्हणाली. "आलास तर जन्मभर माझ्याकडं बघून ते दिवस मोजशील."

"नाही मोजणार."

"मोजशील रे. मीही मोजीन."

तो परत एकदा "येतो" म्हणाला असता तर? मी वाट बघत होते. तो म्हणाला नाही. त्यानं खाली बघितलं, आणि मला कळलं की "नको" हे ऐकायलाच तो बसला होता. त्याला मी दोष देत नाही. भूपालना कुणी असं निवडायला लावलंच नाही, म्हणून ते चांगले नवरे ठरले.

चौदा महिन्यांनी त्याला कायमचा रहिवास मिळाला. अभिनंदनाचा निरोप संयुक्तानं माझ्याआधी पाठवला. त्याच आठवड्यात तिनं संमतीच्या घटस्फोटाचे कागद केले. त्यानं कळ दाबून सही केली.

सुनावणीच्या दिवशी तिनं मला न्यायला गाडी पाठवली. मी म्हटलं, माझं काय काम तिथं? ती म्हणाली, "माझ्याकडून कुणीतरी पाहिजे ना आजी." तिची आई तिच्या लग्नाच्या आधीच गेली, आणि वडील घटस्फोट म्हटल्यावर यायला तयार नव्हते. म्हणून मी, सम्यकची आजी, संयुक्ताच्या बाजूला बसले.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. समोर मोठ्या पडद्यावर सम्यक, तिकडची सकाळ, अंगात जाड स्वेटर. भिंतीवर दुसरा एक छोटा पडदा होता, त्यावर जो बोलेल त्याचे शब्द आपोआप उमटत होते.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, दोघांची संमती आहे का? दोघंही हो म्हणाली. कुणाचा दबाव? नाही. मूलबाळ? नाही.

"किती काळ वेगळे राहता?"

"साडेचार वर्षं," संयुक्ता म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. आता पुरावा मागतील, अंगाचा, श्वासाचा, कशाचा तरी, असं मला खरोखरच वाटलं. बाईंनी मान डोलावली. झालं. वेगळे राहता हे तिच्या एका शब्दावर कोर्टानं मान्य केलं.

"मॅडम," पडद्यावरून सम्यक एकदम म्हणाला. "मधले एकशे अकरा दिवस आम्ही एकत्र होतो. ते त्यातून वजा करा."

संयुक्तानं मान वर केली. सगळ्या सुनावणीत तिनं त्याच्याकडं पहिल्यांदा बघितलं.

"शेवटच्या एका वर्षात होतात का एकत्र?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग ते दिवस धरायची गरज नाही," बाई म्हणाल्या. अगदी सौम्यपणे म्हणाल्या, त्यांना वाटलं त्या त्याची अडचण सोडवत आहेत. त्यांनी टेबलावरची कळ दाबली. छोट्या पडद्यावर त्याचं वाक्य उमटलेलं होतं, ते शेवटाकडून एकेक शब्द करत मागं पुसत गेलं, आणि खालचं वाक्य वर सरकून तिथं आलं.